नऊ फांद्यांचा, सात फांद्यांचा आणि प्रकटीकरणातल्या सात समया

पत्र: मी वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवते. वर्गात तेरा-चौदा वर्षांची मुलं आहेत. पुढच्या महिन्यात चर्चच्या सभागृहात आम्ही बायबल प्रदर्शन भरवतोय आणि माझ्या वर्गाकडे मोशेचा दीपवृक्ष आला आहे. नात्यातल्या एकांनी यरुशलेमहून पितळेचा दिवा आणलाय, पण त्याला नऊ फांद्या आहेत. तोच ठेवला तर चालेल का? सात मेणबत्त्या लावाव्यात असंही काहींचं म्हणणं आहे. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय की दीपवृक्षावरची सगळी नक्षी मोजली तर ६६ भरते आणि तेवढीच बायबलची पुस्तकं आहेत. हे मुलांना सांगू का? ख्रिस्ताशी याचा संबंध नेमका कसा जोडायचा? आणि उद्घाटनाला समई लावायला एका पालकांनी हरकत घेतली आहे, त्यांना काय उत्तर देऊ?

उत्तर:

ताई, आधी त्या नऊ फांद्यांचं बघू. तो हनुक्काचा दिवा आहे. इ.स.पू. १६४ मध्ये यहुदी बंडाचा पुढारी यहूदा मक्काबी याने यरुशलेमातलं विटाळलेलं मंदिर शुद्ध करून पुन्हा समर्पित केलं, त्याची आठवण म्हणून हा सण आठ रात्री चालतो. आठ रात्रींचे आठ दिवे, आणि ते पेटवण्यासाठी एक सेवक-दिवा, म्हणजे नऊ. नववा मुद्दाम उंचावर किंवा बाजूला असतो, तुमच्या पितळी दिव्यातही तसंच दिसेल. मोशेचा दिवा सात फांद्यांचा, त्याच्याशी याची गल्लत नको. पण तो परतही करू नका. योहान १०:२२ मध्ये येशू ‘समर्पणाच्या सणा’ला मंदिरात फिरत होता आणि तेव्हा हिवाळा होता, असं लिहिलंय. तो सण हाच. वेगळ्या टेबलावर हा दिवा, त्यावर ते वचन, एवढं ठेवा.

बाजारात सातऐवजी सहा फांद्यांचेही दिवे का मिळतात, याचंही कारण मुलांना आवडेल. मंदिरातल्या वस्तूची हुबेहूब नक्कल घरात करू नये, असं ताल्मूद, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ, सांगतो. अंगणाच्या मापाचं अंगण नको, मेजाच्या नमुन्याचं मेज नको, सात फांद्यांचा दिवा नको. पाच, सहा किंवा आठ चालतील. तुमचा नमुना शिकवण्यासाठी आहे, त्यावर दिवे लागणार नाहीत, त्यामुळे त्याची चिंता नको.

आता मेणबत्त्या. माझं स्पष्ट मत आहे, लावू नका. इब्री भाषेत ‘नेर’ म्हणजे तेलाचा दिवा, आपल्या पणतीसारखी चोच काढलेली मातीची वाटी. ‘मनोरा’ म्हणजे तो दिवा ठेवायचं दांड्याचं आसन. जुन्या इंग्रजी भाषांतरात मेणबत्तीचं घर असा शब्द पडला आणि तिथून चित्रांत मेणबत्त्या शिरल्या. ही चूक साधी नाही. मेणबत्ती आपलं इंधन पोटात घेऊनच उभी असते, तिला कुणी काही द्यावं लागत नाही. दिव्याला रोज संध्याकाळी तेल घालावं लागतं, सकाळी काजळी झाडावी लागते. निर्गम २७, लेवीय २४, जखऱ्या ४, मत्तय २५ मधल्या दहा कुमारी, सगळीकडे प्रश्न एकच: तेल कुठून येतंय आणि संपलं तर काय? मेणबत्ती लावलीत की हा धडा तिथेच संपला. (पुनरुत्थानाच्या रात्रीची मोठी मेणबत्ती निराळी. तिथे स्तुतिगीतात मधमाश्यांचाही उल्लेख येतो, तो विषय वेगळा शिकवा.)

प्रात्यक्षिक असं करा. मातीच्या सात मध्यम पणत्या घ्या, आदल्या दिवशी तासभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर नवी माती तेल पिऊन टाकते. प्रत्येकीत वीस मिली ऑलिव्ह तेल, म्हणजे एकूण दीडशे मिली पुरे. एवढ्यात तासभराचा वर्ग निघतो. वात कापसाची हातवळणी, चोचीबाहेर चार-पाच मिलिमीटर. जास्त बाहेर आली की धूर आणि काजळी, कमी असली की फडफडून विझते. ऑलिव्ह तेल रॉकेलसारखं पातळ नाही, ते वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून खोल ग्लास किंवा बरणीत वात उभी करू नका. तेलाची पातळी ज्योतीच्या दोन सेंटिमीटरच्या आत हवी. पणत्या वाळू पसरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवा. विझवताना फुंकर नाही. चिमट्याने वात तेलात बुडवा. चिमटा हातात असतानाच निर्गम २५:३८ वाचा: दिव्याचे चिमटे आणि राखेच्या ताटल्याही शुद्ध सोन्याच्याच करायच्या होत्या, त्याच एका किक्कार (सुमारे चौतीस किलो) सोन्यातून. काजळी झाडायचं साधनही सोन्याचं, हे मुलांच्या लक्षात राहतं.

तेलाबद्दल अजून थोडं. शास्त्रात ‘कुटलेलं’ तेल म्हटलंय, दळलेलं नाही. मिश्नात, म्हणजे ताल्मूदाचा पाया असलेल्या यहुदी नियमसंग्रहात, याची पायरी दिली आहे. ऑलिव्ह उखळात ठेचायचे, टोपलीत भरायचे आणि आपोआप जे ठिबकेल ते पहिलं तेल दिव्याला. नंतर दाब देऊन काढलेलं तेल अन्नार्पणाला चालतं, दिव्याला नाही. कारण उघड आहे. दाबून काढलेल्या तेलात गर आणि पाणी उतरतं. गराने वात चोंदते, पाण्याने ज्योत तडतडते. माप एका दिव्याला एका रात्रीसाठी अर्धा लोग, म्हणजे साधारण दीडशे मिली. तेवेत या यहुदी पंचांगातल्या हिवाळी महिन्यातल्या लांबलचक रात्रीला पुरेल असा तो अंदाज होता. म्हणजे तुमच्या सातही पणत्यांचं मिळून जेवढं तेल होतं, तेवढं तिथे एकाच दिव्याला एका रात्रीत लागत असे.

तेलाचा विषय निघालाच आहे तर, कोकणात बेने इस्राएल या यहुदी समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतिवार) पाळणारी माणसं अलिबागकडच्या गावांत तेल गाळत होती, हे वसईच्या मुलांना ठाऊक असायला हवं.

नमुना

शास्त्रात उंची नाही, पायाचा आकार नाही, फांद्या वाकड्या की सरळ तेही नाही. एक किक्कार सोनं, अखंड, ठोकून घडवलेलं, मधला दांडा, दोन्ही बाजूंना तीन-तीन फांद्या, वाट्या, गाठी आणि फुलं, एवढंच. उंची ताल्मूदात आहे: अठरा मुठी. मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी, सुमारे आठ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १४४ सेंटिमीटर. दिवे नीट करताना याजकाला उभं राहायला समोर तीन पायऱ्यांचा दगड होता, असं मिश्ना सांगतं.

निम्म्या मापाचा करा. एक मूठ म्हणजे चार सेंटिमीटर, एकूण ७२. खालून वर खुणा अशा: पाय आणि एक फूल १२ सेंमी, मग ८ सेंमी सपाट, ४ सेंमीत एक वाटी-गाठ-फूल, पुन्हा ८ सपाट. इथे ३२ सेंमीवर येऊन पोचलात. आता ४ सेंमीची गाठ, तिच्यातून खालची जोडी. ४ सपाट, ४ गाठ, तिच्यातून मधली जोडी. ४ सपाट, ४ गाठ, वरची जोडी. मग ८ सपाट, आणि वरच्या १२ सेंमीत तीन वाट्या, एक गाठ, एक फूल. बेरीज ७२ येते.

दांड्याला लाकडी काठी, फांद्यांना सहा मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार. गाठींच्या मध्यावर, म्हणजे ३४, ४२ आणि ५० सेंमीवर, काठीला आरपार भोक पाडा आणि डावी-उजवी फांदी एकाच तारेची करा. वेगवेगळ्या चिकटवल्या की चार दिवसांत मान टाकतात. तुकडे १२०, ९० आणि ६० सेंमीचे कापा, टोकं नंतर छाटा. सगळी टोकं दांड्याच्या उंचीला आणा.

इथे हमखास फसतं ते वळण. परकार घेऊन अचूक अर्धवर्तुळं काढलीत, तर फांद्यांची टोकं दांड्यापासून २२, ३० आणि ३८ सेंमीवर जातात. मध्ये मोठी पोकळी आणि कडेला गर्दी. त्यापेक्षा १२, २४, ३६ अशा खुणा करून तार थोडी उभट वळवा, अंतरं सारखी येतील. रोममधल्या टायटसच्या कमानीवर (यरुशलेम जिंकल्याचं स्मारक) वक्र फांद्या कोरल्या आहेत, मध्ययुगीन यहुदी पंडित मैमोनिदेसच्या रेखाटनात सरळ तिरप्या आहेत. दोन्हींपैकी कुठलंही चालेल. पाय मात्र तीन करा. जुन्या सभास्थानांच्या (यहुदी प्रार्थनास्थळांच्या) फरशांवर दिवा तीन पायांवर उभा दिसतो. कमानीवरचा दुमजली कोनाकोनांचा चौथरा, ज्यावर प्राणी कोरले आहेत, तो रोमनांच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. इस्राएलच्या राजचिन्हात, १९४९ मध्ये, तोच कमानीवरचा दिवा घेतला गेला, म्हणून तो आपल्या ओळखीचा वाटतो.

नक्षी शाडूची: वाट्या २२, गाठी ११, फुलं ९. सुकताना तडकतील म्हणून चार-पाच जादा करा. वाट्या बदामाच्या मोहोरासारख्या हव्यात, पाच पाकळ्यांच्या. बाजारातल्या साच्यांत कमळ सहज मिळतं, तो मोह टाळा. सगळं वाळल्यावर एकच सोनेरी रंग. वेगवेगळ्या छटा दिल्या तर ‘अखंड’ हा शब्दच खोटा पडतो. आणि नमुन्यावर खरे दिवे मुळीच ठेवू नका. भरलेल्या पणतीने तार वाकते. खऱ्या ज्योती ट्रेमधल्या पणत्यांच्या.

मांडताना निवासमंडपाचा, म्हणजे मोशेच्या काळच्या उपासनेच्या तंबूचा, आराखडा जमिनीवर खडूने काढा. दिवा दक्षिणेला, समोर उत्तरेला भाकरींचं मेज. मंडपाला खिडकी नव्हती, चार थरांची आच्छादनं होती. सोन्याने मढवलेल्या त्या खोलीत उजेड फक्त या सात वातींचा.

आता ते ६६

हा हिशेब असा केलेला असतो: प्रत्येक फांदीवर तीन वाट्या, तीन गाठी, तीन फुलं, म्हणजे नऊ. सहा फांद्यांचे ५४, दांड्याचे बारा, एकूण ६६. निर्गम २५:३३ उघडा. वाट्या तीन आहेत, गाठ आणि फूल मात्र एकवचनात आहेत. ताल्मूदाची मोजणी २२, ११ आणि ९, बेरीज ४२. शिवाय तुमच्या वर्गात आणखी एक अडचण येईल: कॅथलिक बायबलात पुस्तकं ७३ आहेत. मुलांनाच वाट्या मोजायला लावा, संदेश आपोआप गळून पडेल. ‘सहा फांद्या म्हणजे मनुष्य, सातवा ख्रिस्त’ हेही असंच. वचनात नाही. कुणाला प्रवचनात म्हणायचं असेल तर म्हणावं, फलकावर नको.

अर्थ सांगताना

तीन रंगांचे कागद घ्या. पांढऱ्यावर इब्री शास्त्र स्वतः जे म्हणतं ते, निळ्यावर यहुदी परंपरा, पिवळ्यावर ख्रिस्ती वाचन. तिन्हींची सरमिसळ झाली की गोंधळ होतो, आणि तो बहुतेक वेळा होतोच.

पांढऱ्या कागदावर बदाम घ्या. त्या देशात बदामाला सगळ्यांच्या आधी, पानं यायच्या आधी मोहोर येतो. इब्रीत बदाम ‘शाकेद’ आणि जागा राहणारा ‘शोकेद’. यिर्मया १:११-१२ या एकाच श्लेषावर उभं आहे. देव विचारतो: तुला काय दिसतं? बदामाची काठी. बरोबर, कारण मी माझ्या वचनावर जागा आहे. अहरोनाच्या काठीलाही बदामच फुलले (गणना १७). रात्रभर जागणाऱ्या दिव्यावर हेच फूल असणं किती योग्य आहे, ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. सोबत १ शमुवेल ३:३ वाचा: देवाचा दिवा अजून विझला नव्हता, आणि शमुवेलाला हाक आली. दिवा संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा, म्हणजे ती वेळ पहाटेची असणार.

जखऱ्या ४ सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. इथे दिव्यावर तेलाचा वाडगा आहे, सात दिवे आहेत आणि दोन बाजूंना दोन जैतुनाची (ऑलिव्हची) झाडं. झाडांतून तेल थेट येतंय. ना कुटणारा, ना ओतणारा. ‘सात नळ्या’ असं ज्याचं भाषांतर होतं तो शब्द चोचींसाठीही असू शकतो. एकाच वाटीला सात चोची काढलेले मातीचे दिवे त्या देशात उत्खननात सापडले आहेत. चित्र काढताना ४९ नळ्यांच्या जंजाळात अडकू नका. अर्थ वचनातच दिलाय: बळाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने. यहूदाचा अधिपती जरुब्बाबेल पडक्या मंदिरापुढे उभा असताना हे सांगितलं गेलं.

निळ्या कागदाला एक-दोन गोष्टी पुरतील. फिलो आणि योसेफस हे पहिल्या शतकातले यहुदी लेखक सात दिव्यांत सात ग्रह पाहतात. हनुक्काची एका दिवसाच्या तेलाची कुपी आठ दिवस पुरल्याची कथा ताल्मूदातली आहे, मक्काबींच्या पुस्तकांत नाही.

आता पिवळा. इथे मराठी वाचकाची एक अडचण होते आणि ती समजली की अर्धं काम झालं. निर्गमात आपण ‘दीपवृक्ष’ वाचतो. मत्तय ५:१५ मध्ये दिवा ‘दिवठणीवर’ ठेवतात. प्रकटीकरण १:१२ मध्ये सोन्याच्या सात ‘समया’. तीन शब्द, तीन वस्तू वाटतात. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी शब्द एकच: लुख्निया. यहुद्यांनी इब्री शास्त्राचं जे ग्रीक भाषांतर केलं, त्यात मनोराला हाच शब्द आहे. म्हणजे पहिल्या शतकातल्या माणसाने ‘दिवठणी’ ऐकली की घरातली दिवठणी आणि मंदिरातला दिवा दोन्ही त्याच्या मनात आले. फलकावर तिन्ही वचनं शेजारी लिहा आणि हा शब्द तिघांखाली एका रेषेत.

तरी ‘समया’ हे भाषांतर मला आवडतं. कारण योहान एका खोडाच्या सात फांद्या पाहत नाही, सात सुट्या दिवठणी पाहतो, आणि त्यांच्यामध्ये मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी उभा. अर्थ त्याच अध्यायात, १:२० मध्ये आहे: सात समया म्हणजे सात मंडळ्या, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. मंडळी म्हणजे दिवा नाही, दिवा ठेवायची जागा. आणि इफिसला धमकी दिवा विझवण्याची नाही, समई तिच्या जागेवरून काढण्याची आहे (२:५). हा बारकावा मोठ्या मुलांना झेपतो. ४:५ मधले सिंहासनापुढचे सात दिवे वेगळे, तिथे शब्दही वेगळा, मशालीचा, आणि अर्थही वेगळा: देवाचे सात आत्मे. हे दोन एकमेकांत मिसळू नका.

पुढे इरेनियस आणि अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट या आरंभीच्या चर्चमधल्या लेखकांनी या सात दिव्यांची सांगड यशया ११ मधल्या सात आत्म्यांशी घातली. आठव्या शतकात बीड या इंग्रज संन्याशाने निवासमंडपावर आख्खं पुस्तक लिहून दिव्यात चर्च पाहिलं. ही वाचनं सुंदर आहेत, पण ‘अमक्याने असं वाचलं’ अशीच सांगा. इब्री लोकांस पत्र ९ मध्ये लेखक दिव्याचं नाव घेतो आणि लगेच म्हणतो, याविषयी आता सविस्तर सांगता येत नाही. तुमच्यावरही सगळं सांगायचं ओझं नाही.

ख्रिस्ताशी संबंध जोडायला योहान ८:१२ घ्या, ‘मी जगाचा प्रकाश आहे’. आधीचा अध्याय मंडपांच्या सणाचा आहे. त्या सणाच्या रात्री मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे मोठे दिवे लागत, प्रत्येकावर चार वाडगे, चार शिड्या, आणि याजकांच्या जुन्या विजारी व कमरपट्टे फाडून केलेल्या वाती. यरुशलेमात एकही अंगण अंधारात राहत नसे, असं मिश्ना म्हणतं. येशू हे बोलला ती जागा ८:२० प्रमाणे भांडारापाशी होती, आणि भांडार त्याच अंगणात असल्याचं मानतात. प्रदर्शनाचा शेवटचा फलक प्रकटीकरण २१:२३ ठेवा. तिथे नगराला सूर्य-चंद्र लागत नाही, कोकरा हाच तिचा दिवा. दिवठणीचा उल्लेखच नाही. त्या फलकासमोर काही ठेवू नका.

समई आणि पाहुणे

हरकत घेणाऱ्या पालकांना सांगा: १९६९ मध्ये रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा बदल मान्य केले, त्यांत मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा वापरण्याची मुभा आहे. तरी त्यांचं मन वळलं नाही तर उद्घाटनाला ताणू नका, पणत्यांचा ट्रे आहेच. फक्त समईला ‘मनोरा’ म्हणू नका. समईत एकाच वाडग्यात पाच वाती असतात, तिथे सात वेगळे दिवे होते.

मुंबई किंवा ठाण्याच्या सभास्थानातून कुणाला बोलवायचं मनात असेल, तर आधी फोन करून विषय सांगा आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ टाळा. ‘सावली संपली, खरं आलं’ छापाचे फलक त्या दिवशी नकोत, खरं तर कधीच नकोत. त्यांच्या प्रार्थना मुलांकडून म्हणवून घेऊ नका. निळे कागद त्यांना आधी पाठवून तपासून घ्या, चुका तिथेच निघतील. आणि तो नऊ फांद्यांचा दिवा आणणाऱ्या नातेवाइकांना त्या टेबलाशी उभं करा, नववा दिवा कशाला हे विचारणारं कुणीतरी येईलच.